विषय: सोलापूरच्या भावाचं ३४ टक्के

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतोय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तो टॉवेलच्या लूमवर होता. उजवा हात मशीनमध्ये सापडला. दोन बोटं गेली, मनगट नीट वळत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावर ३४ टक्के लिहून आलंय, आणि महिन्याला सरकारी पेन्शन देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमधून परत आला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणते, पुन्हा भरू. मी पाठवलेले पैसे घ्यायला तो लाजतो, त्याला स्वतःच्या हक्काचं हवंय. यातून कुणी गेलंय का?

---

दादा,

अर्ज पुन्हा भरू नका. योजनेला किमान ४० टक्के लागतात, त्यामुळे ३४ घेऊन दहा वेळा गेलात तरी उत्तर तेच येणार. भांडायचं ते त्या आकड्याशी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्राविरुद्ध अपील आहे, मुदत निर्णयापासून ९० दिवस. माझ्या मावसबहिणीच्या वेळी आम्ही चार महिने तहसीलचेच उंबरे झिजवले आणि मुदत निघून गेली. अजूनही जीव हळहळतो.

अर्जात 'फेरतपासणी व्हावी' एवढंच लिहू नका. बटण लावता येत नाही, पाण्याची बादली उचलत नाही, मनगट किती वळतं, हे लिहा. प्रमाणपत्राची प्रत, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद जोडा. तपासणीत बोटं मोजली पण मनगट धरलंच नाही, असं झालंय का? ते कळायला माहितीच्या अधिकारात तपासणीचा तक्ता मागवा. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण त्या उत्तराची वाट बघत अपील अडवून ठेवू नका. अपिलात तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, तेव्हा भावाने स्वतः जावं.

उत्पन्नाचा दाखलाही बघा. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. वहिनी विड्या वळत असतील तर तेही धरलं जातं.

आणि एक, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अपघात कामावर झालाय ना? मग पेन्शनच्या आधी भरपाई. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड असेल तर अपंगत्वाचा लाभ तिथून मिळतो. नसेल तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याखाली (आधी १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे) मालकावर दावा करता येतो, अपघातापासून दोन वर्षांच्या आत. 'दवाखान्याचा खर्च केला की आम्ही' म्हणून मालक सुटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात लूमवरच्या कामगारांच्या संघटना आहेत, त्यांना हे तोंडपाठ असतं. वहिनींना तिकडे पाठवा.

---

ताई,

आत्ताच फोन केला. प्रमाणपत्राला आज ५७ दिवस झालेत. ईएसआयचं कार्ड नाही, मालकाने कधी काढलंच नाही. अपघाताला सात महिने होतील. अर्ज मी आज रात्री लिहून पाठवतोय, वहिनी उद्या संघटनेत जाते. सही डाव्या हाताने करायची सवय करतोय, भाऊ म्हणाला.