मदत हवी आहे: दशावताराच्या रात्रीच्या फोटोंत हाय आयएसओमुळे येणारे दाणे कसे कमी करू?

नमस्कार मंडळी.

माझे मामा कुडाळजवळच्या एका गावात राहतात आणि पस्तीसेक वर्षं दशावतारात काम करतात. पूर्वरंगातला, म्हणजे मुख्य नाटकाच्या आधीच्या भागातला, संकासुर (राक्षसाचं पात्र) त्यांचा. गुडघ्यांनी आता दाद द्यायचं सोडलंय, म्हणून हा हंगाम शेवटचा असं त्यांनीच ठरवलंय. त्यांचा संकासुराच्या वेशातला एक तरी फोटो मोठा करून माजघरात लावायचा आहे. इतक्या वर्षांत तसा फोटो कुणी काढलेलाच नाही.

कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स सोबत आलेली १८-५५. गेल्या आठवड्यात एका जत्रेत दीडशेच्या वर फोटो काढले आणि एकही मोठा करण्यासारखा नाही. संकासुराचा वेश डोक्यापासून पायापर्यंत काळा. तो काळा काळा दिसतच नाही, त्यावर जांभळे-हिरवे ठिपके पसरलेत. मामांना लॅपटॉपवर दाखवले तर म्हणाले, "माझ्या अंगार वाळू कसली इली रे?"

करून पाहिलेले उपाय: कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन 'स्ट्राँग' केलं, तर बाकीच्या पात्रांचे चेहरे मेणाचे झाले आणि रंगभूषेच्या रेघा पुसल्या गेल्या. आयएसओ १६०० वर ठेवून फोटो अंधारा काढला आणि मोबाइलवर उजळला, तर दाणे वाढलेच, वर आडवे पट्टे आले. फ्लॅश वापरणार नाही. मुखवट्याच्या भोकांतून आधीच कमी दिसतं, त्यात डोळ्यांवर झोत पडला तर पाय चुकतो, असं मामा म्हणतात.

नवा कॅमेरा परवडणार नाही. आठदहा हजारांपर्यंत लेन्स घेऊ शकेन. पुढची जत्रा बारा दिवसांवर आहे.

प्रतिसाद १
शटर स्पीड किती होता? अ‍ॅपर्चर? रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढता की जेपेग? आणि रंगमंचापासून किती लांब होतात?

धागाकर्ता
शटर १/५०० (संकासुर सारखा नाचतो, हलू नये म्हणून), ५५ वर झूम, एफ/५.६, आयएसओ ६४००. जेपेग. तरीही फोटो काळपट आले, साधारण दोन स्टॉपनी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बसलो होतो चारेक मीटरवर, पहिल्या रांगेत मुलांच्या मागे.

प्रतिसाद २
मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि कॅमेऱ्याचा नाद आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दाणे आयएसओमुळे येतात असं आपण बोलतो, पण खरं कारण अपुरा उजेड. कोरड्या अंगणात पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा एका फरशीवर पाच, शेजारच्या फरशीवर दोन. तासभर पाऊस लागला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजलेल्या. सेन्सरवर प्रकाशाचे कण असेच पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण आले तर कमी-जास्तपणा साधारण १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० आले तर १०० चा, म्हणजे १ टक्का. आयएसओ वाढवल्याने थेंब वाढत नाहीत. जे पडलेत ते मोठे करून दाखवले जातात, आणि त्यांच्यातला फरकही मोठा होतो.

म्हणून १६०० वर अंधारा काढून नंतर उजळण्यात फायदा झाला नाही. थेंब तेवढेच राहिले. उलट जेपेगमध्ये सावल्यांतली माहिती आधीच फेकून दिलेली असते, आणि कॅननच्या या पिढीच्या सेन्सरमधून सावल्या खूप ओढल्या की पट्टे येतात. लागेल तेवढा आयएसओ कॅमेऱ्यातच द्या, भिऊ नका. पण त्याआधी उजेड वाढवा.

तुमच्याकडे त्याला दोन वाटा आहेत. ५० एमएम एफ/१.८ ही कॅननची एसटीएम लेन्स तुमच्या बजेटमध्ये शोधा, जुनी चांगली मिळाली तरी चालेल. चार मीटरवरून तुम्ही ५५ वरच काढत होतात, तेव्हा चौकट जवळपास तीच मिळेल. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं; ती एफ/२ वर ठेवलीत तर एफ/५.६ च्या आठपट उजेड. शटर १/५०० वरून १/१२५ वर आणलंत तर त्यात आणखी चारपट. एकूण ३२ पट. ६४०० भागिले ३२ म्हणजे २००. तुमचे फोटो दोन स्टॉप काळे होते, म्हणून ८०० धरा. कॅमेरा तोच, पण ६४०० ऐवजी ८००!

१/१२५ वर नाच हलेल, हे खरं. पण नाचणारा माणूस पूर्ण वेळ नाचत नाही. गिरकी संपली, पाय आपटला, भटजीकडे वळून बोलायला थांबला, त्या अर्ध्या सेकंदात काढायचं. मामांचं काम तुम्ही लहानपणापासून बघताय; ते कुठे थांबतात हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

प्रतिसाद ३
ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी लग्नं आणि रात्रीचे कार्यक्रम करतो, त्यातल्या काही गोष्टी.

१/१२५ ऐवजी १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० ला एक पूर्ण लुकलुक पदरात पडते. १/५०० ला एखादा फोटो उजळ, पुढचा काळा, कधी निम्म्या चौकटीत पट्टा. तुमचे काही फोटो जास्तच काळे आले असतील तर हेही कारण असू शकतं.

मॅन्युअल मोडवर जा. मागे रात्रीचा काळोख, पुढे काळा वेश. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर या काळ्यालाच करडं करायला बघतो, आणि गणपती किंवा रिद्धी-सिद्धी समोर आल्या की चेहरे जळतात. बाकड्यावर बसलेल्या पात्राच्या चेहऱ्यावरून एकदा एक्सपोजर ठरवा, मग रात्रभर फार हात लावायला नको. अंधारात मागची स्क्रीन उजळ दिसते आणि फसवते, त्यामुळे हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आलेख, बघा. आलेख उजवीकडे असू दे, फक्त उजव्या कडेला टेकू देऊ नका.

फोकस मधल्या बिंदूवरच. या कॅमेऱ्याचे नऊ बिंदू, त्यातला मधलाच क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारा. काळ्या कापडावर तो भिरभिरत राहील. मुखवट्याच्या पांढऱ्या डोळ्यांच्या कडेवर धरा. एफ/२ ला चार मीटरवर खोली, म्हणजे फोकसमध्ये राहणारा पट्टा, अर्धा मीटरच मिळते, तेव्हा दोन पात्रं मागे-पुढे असतील तर एफ/२.८ करा आणि आयएसओ १६०० होऊ द्या.

आणि लाल-निळा दिवा लागला की थांबा. सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल बघणारा, एकच निळा. नुसत्या लाल झोतात बाकीचे तीन जवळपास उपाशी राहतात. तिथे कुठलीच सेटिंग कामाला येत नाही. नाटक सुरू व्हायच्या आधी दिवेवाल्याशी बोला. पूर्वरंगापुरता पांढरा दिवा ठेव म्हटलं तर बहुतेक जण ठेवतात.

प्रतिसाद ४
रॉ काढाच. रॉ उघडून सुधारायचे डार्कटेबल आणि रॉथेरपी हे प्रोग्राम दोन्ही फुकट आहेत, कॅननचं डीपीपीही. रंगीत ठिपके, म्हणजे तुमचे जांभळे-हिरवे, ते आधी घालवा. कलर नॉइजचा स्लायडर बराच वर नेला तरी बारकावे फारसे जात नाहीत. करड्या दाण्यांचा, म्हणजे ल्युमिनन्सचा, मात्र अगदी थोडा. कापडाला थोडा पोत राहिला तर बरा दिसतो.

दाणे काढणारे एआयवाले डीनॉइज प्रोग्राम चांगले झालेत, पण रंगभूषेवर जरा जपून. ते कधी कधी तिथे नसलेली त्वचा रंगवतात. कपाळावरच्या रेघा मूळ फोटोशी ताडून बघा.

अजून एक. तुम्ही १०० टक्के झूम करून बघत असाल. तुमचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. ८ बाय १२ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० बाय २४०० पुरतात. लहान करताना पिक्सेलांची सरासरी होते आणि दाणे आपोआप दबतात. एकदा गेल्या आठवड्यातलाच फोटो छापून बघा.

धागाकर्ता
उशिरा लिहितोय, माफ करा. काल पहाटे दहीकाला करून घरी आलो.

५० एमएम ओळखीतल्या एकाकडून वापरलेली मिळाली. मॅन्युअल, रॉ, १/१००, एफ/२.२, आयएसओ ८००. युद्धाच्या प्रसंगाला १/२०० आणि १६००. दिवेवाल्याला पूर्वरंगाचं सांगितलं तर त्याने स्वतःच एक पांढरा हॅलोजन पुढे ओढून दिला, "मामांचो फोटो मां?" म्हणाला. निम्मे फोटो हललेले आहेत. पण ताई, तुम्ही म्हणालात तसं मामा जिथे थांबतात तिथे थांबलो. पखवाजावर थाप पडते, ते एक पाय उचलून मान तिरकी करतात आणि तसेच राहतात. लहानपणी मी नेमका त्याच क्षणाला घाबरून आईच्या मागे लपायचो. त्या जागचे सात फोटो आहेत आणि त्यातले चार लख्ख. वेश काळाभोर आलाय, त्यात शिवणसुद्धा दिसते.

जुना ६४०० चा एक फोटोही सांगितल्याप्रमाणे छापून पाहिला. स्क्रीनवर दिसत होते त्याच्या निम्मेही दाणे कागदावर नाहीत. तोही ठेवणार आहे, त्यात मामा आणि भटजीचं काम करणारे त्यांचे जुने जोडीदार एकत्र आहेत.

आता शेवटचं विचारतो: माजघरात समोर खिडकी आहे. ग्लॉसी छापू की मॅट?

प्रतिसाद ३
खिडकी समोर असेल तर मॅटच. ग्लॉसीवर काळा जास्त गडद दिसतो, पण त्यात दिवसभर खिडकीच दिसत राहील. छापण्याआधी सावल्या किंचित उचला, मॅटवर काळ्यातले बारकावे थोडे बुजतात आणि ती शिवण दिसायला हवी. पहिली प्रत लहान काढून त्याच भिंतीवर लावून बघा, मग मोठी.