पूलचा पंप बदललाय? पाईप गळतायत? या, अनुभव लिहा

उंटावरची_शहाणी (ह्यूस्टन):
घर घेताना मागे स्विमिंग पूल आहे म्हणून घरातले सगळे खूष, पंपाकडे कोण बघतंय. या उन्हाळ्यात तो किंचाळायला लागला, अक्षरशः किंचाळायला, शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं सगळं ठीक ना म्हणून. बेअरिंग गेलेलं. आणि मोटर आणि पंपाच्या मधून टपटप पाणी, म्हणजे शाफ्ट सीलपण गेलेलं. बहुतेक वेळा क्रम असाच असतो, आधी सील गळतं, पाणी शाफ्टवरून मोटरच्या बेअरिंगपर्यंत जातं आणि मग ते ओरडतं. सील तशी किरकोळ किमतीची वस्तू, पण ती वाचवते मोटर.

नवा पंप आणला, व्हेरिएबल स्पीडचा. जुना काढून नवा ठेवणं हे काम एवढंसं आहे हो, खरी गंमत पुढे. नव्याचं तोंड जुन्यापेक्षा दीड-दोन इंच वर! मग पाईप कापा, एल्बो घाला, परत कापा. नवरा करवत घेऊन, मी प्रायमर आणि सोल्युशनचे डबे घेऊन, जांभळ्या प्रायमरचे डाग अजून फरशीवर आहेत. एक केलं, दोन्ही बाजूंना युनियन (आट्यांचे, उघडता येणारे जॉइंट) टाकले, आता पुढच्या वेळी करवत लागणार नाही. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. मोटरला बाहेरून एक जाड उघडी तांब्याची तार असते बाँडिंगची, ती नव्याला परत जोडायचीच, नाहीतर पाण्यात उतरणाऱ्याला शॉकचा धोका. पुष्कळ जण ती तशीच लोंबती सोडतात.

तुमचे अनुभव लिहा, अमेरिका, पुणे, फार्महाऊस, काहीही चालेल.

दवबिंदू (डॅलस):
आमचा पंप फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत गेला. इथल्या पंपांना फ्रीज गार्ड असतो, तापमान शून्याजवळ आलं की पंप आपोआप चालू होतो आणि पाणी फिरतं राहतं म्हणून गोठत नाही. पण लाईटच गेली की गार्ड काय करणार! घरात आम्ही गोधड्या घेऊन बसलेलो, पूलकडे जायचं कुणाच्या डोक्यात येणार. बर्फ वितळला तेव्हा कळलं, पंपाची बास्केटवाली (कचरा अडवणाऱ्या जाळीची) बादली उभी चिरलेली आणि फिल्टरच्या तोंडाशी पाईप फुटलेला. गल्लीत घरोघरी तेच त्यामुळे पंप मिळेना, प्लंबर तर देवदर्शनासारखा. तेव्हापासून नियम: लाईट गेली आणि बाहेर गोठतंय तर बॅटरी घेऊन जायचं, ब्रेकर पाडायचा, पंपाचे ड्रेन प्लग काढून पाणी सोडून द्यायचं आणि प्लग बास्केटमध्येच ठेवायचे म्हणजे हरवत नाहीत.

टँकरमुक्त (पुणे):
सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे लिहायला भरपूर आहे, जरा सांभाळून घ्या.

एप्रिल-मे. पूलची पातळी रोज खाली. पिण्याच्या पाण्याला टँकर आणि पूललाही टँकर, व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं असेल ते सांगत नाही. एका कॉन्ट्रॅक्टरने येऊन पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं टाईल्सच्या खालून लीकेज आहे, सगळ्या टाईल्स काढून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, कोटेशन असं की मीटिंगमध्ये दोन काका खुर्चीतून उठलेच. आमच्याकडे एक रिटायर्ड मेकॅनिकलवाले आहेत, ते म्हणाले आधी पंप एक दिवस बंद ठेवा आणि पट्टी लावून पातळी बघा, मग दुसऱ्या दिवशी चालू ठेवून बघा. पंप बंद असताना जवळजवळ काही जात नव्हतं, चालू असताना भसाभस जात होतं. म्हणजे टाकी फुटलेली नाही, पंपाच्या पुढे कुठेतरी पाणी निघून चाललंय. पण पंपरूम तर कोरडी ठणठणीत!

सापडलं ते असं. सँड फिल्टरवर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह असतो ना, फिल्टर, बॅकवॉश, रिन्स असे पॉईंट असलेला, त्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबरी गॅस्केट असतं. ते एका जागी उचकटलेलं. हँडल फिल्टरवर असूनही थोडं पाणी आतल्या आत वेस्ट लाईनला जात होतं आणि वेस्ट लाईन जाते थेट पावसाळी गटारात, चेंबरच्या झाकणाखाली, दिसणार कुणाला? झाकण उघडलं तर कडक उन्हाळ्यात आत नितळ पाण्याची धार, क्लोरीनच्या वासासकट.

गॅस्केट उचकटायचं कारण: पूल सांभाळणारा मुलगा पंप चालू ठेवूनच हँडल फिरवायचा. पंप बंद, मग हँडल, मग पंप, हे आता भिंतीवर मराठी आणि हिंदीत लिहून लावलंय. टाईल्स अजून आहेत तिथेच आहेत.

फुकटचा_प्लंबर:
वरच्यांनी चाचणी बरोबर केली. पंप चालू असताना जास्त जातं तर पुढच्या, म्हणजे प्रेशरच्या बाजूला बघा. बंद असताना जास्त जातं तर बहुधा सक्शनची, म्हणजे पूलकडून पंपाकडे पाणी ओढणारी बाजू, कारण चालू असताना तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पंपाच्या झाकणातून बुडबुडे दिसतात, बास्केट पूर्ण भरत नाही, पूलमध्ये जेटमधून फसफस येते. लोक म्हणतात पाईप कोरडा आहे म्हणजे चांगला आहे. नाही हो!

जॉइंट शोधायचा सोपा उपाय म्हणजे पंप चालू ठेवून एकेका जॉइंटवर मगाने पाणी ओतायचं, ज्या जॉइंटवर ओतल्यावर बुडबुडे थांबले तो चोर. सगळ्यात आधी मात्र झाकणाचा ओरिंग (गोल रबरी रिंग). पुसा, केस-वाळू काढा, सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने काही रबरं फुगतात.

अजून एक, पंप कोरडा चालला की आतलं उरलेलं पाणी तापतं आणि तोंडात आटे घालून बसवलेला पीव्हीसी पाईप नरम पडून आकसतो, मग थंड झाल्यावर तिथून कायमची हवा. टेफलॉन टेप कितीही गुंडाळा. तो तुकडा बदलायलाच लागतो.

गोदाकाठचा_ढोल (नाशिक):
फार्महाऊसचा छोटा पूल. पाईप कापला तर पूलमधलं पाणी थांबेना, थेंब थेंब येतंच होतं, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता आणि ओल्यावर सोल्युशन धरत नाही. गावातला म्हातारा प्लंबर म्हणाला पाव आणा. आम्हाला वाटलं भूक लागली. त्यांनी पावाचा पांढरा मऊ भाग चुरगळून पाईपात कोंबला, धार थांबली, तेवढ्यात पाईप पुसून सोल्युशन लावलं, कपलर चतकोर वळसा फिरवून दाबून धरला. पाव नंतर विरघळून बास्केटमध्ये आला 😀

उंटावरची_शहाणी:
@ढोल, पावाचं भारी आहे!! आमच्याकडे ब्रेडने चालेल ना?

गोदाकाठचा_ढोल:
चालेल, कडा काढून.

सनशाईन_वहिनी (फ्लोरिडा):
आमच्याकडे पंपाचा संबंधच नव्हता निघाला. बादलीत पूलचंच पाणी घेऊन ती पायरीवर ठेवली, आतली-बाहेरची पातळी मार्करने खुणावली, चोवीस तासांनी बघितलं, बादलीपेक्षा पूल जास्त उतरलेला म्हणजे नुसतं बाष्पीभवन नाही. मग भरणं बंद केलं, तर पाणी उतरत उतरत बरोबर दिव्याच्या उंचीला येऊन थांबलं. दिव्याची वायर ज्या नळीतून जाते तिथून गळत होतं. मुलाने गॉगल लावून दिव्याशेजारी सिरिंजने खायचा लाल रंग सोडला (दिव्याचा ब्रेकर आधी पाडून), रंग सरळ आत ओढला गेला. फोनमध्ये व्हिडिओ आहे, माहेरी सगळ्यांना दाखवून झालाय.

माडाखाली (बार्देश, गोवा):
एकच सांगतो. पावसाळ्यात लीकेज शोधायला पूल रिकामा करू नका. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या टाकीला खालून ढकलतं, तळ फुगतो, तडकतो, कधी अख्खी टाकीच उचलली जाते. आमच्या वाड्यावर एकाची झालीय. नोव्हेंबरनंतर करा काय ते.

कोथरूडकर:
व्हेरिएबल स्पीडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. स्पीड अर्धा केला, ३४५० वरून १७२५ आरपीएम, तर पाणी साधारण अर्धं येतं पण वीज जवळजवळ आठव्या भागावर येते. म्हणून कमी स्पीडला जास्त तास चालवणं परवडतं. अमेरिकेत जुलै २०२१ पासूनच्या नियमामुळे जमिनीतल्या पूलसाठी मोठे सिंगल स्पीड पंप बनवणं जवळपास थांबलंय, त्यामुळे ताईंनी तोच घेतला ते ठीकच. बाकी भारतात ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लावलाय का ते बघा, तीस मिलिॲम्पवाला. तो सारखा पडतोय म्हणून बायपास करणारे महाभाग मी पाहिलेत.

विहीरवाला (सांगोला):
पूल नाही, विहीर आहे. मोटर रोज सकाळी पाणी ओतून भरावी लागते, तरी कधी उचलते कधी नाही. फुटबॉल (पाईपच्या तळाचा व्हॉल्व्ह) नवीन टाकलाय.

फुकटचा_प्लंबर:
दादा, नवा असला तरी वर काढून बघा, काडी-कचरा अडकून फूटव्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. तो नीट असेल तर रात्री पंपापर्यंत पाईप भरून ठेवा आणि सकाळी पातळी बघा. उतरली असेल तर मधला एखादा जॉइंट आहे, मगाचा उपाय वर लिहिलाय.

विहीरवाला (सांगोला):
उद्या काढतो वर. विहिरीत उतरायला माणूस बघायला लागंल आधी.