कागदी याद्या सोडायच्या नाहीत, पण वेळा हुकतायत. काय करावं?

नमस्कार मंडळी,

अमुक अ‍ॅप वापरून बघा असं सुचवणार असाल तर आधीच सांगतो, तीन वापरून झाली. प्रत्येकाचा उत्साह पंधरा दिवस टिकला. रंग ठरवले, लेबलं लावली, कामांचे पोटविभाग पाडले आणि एके दिवशी लक्षात आलं की यादीत १४० कामं साचलीत आणि मी ती उघडतच नाही. फोन खिशात गेला की दृष्टीआड सृष्टी. शिवाय यादी बघायला फोन हातात घ्यायचा आणि वीस मिनिटं भलतंच वाचून यादी न बघताच खाली ठेवायचा, हे तर नेहमीचंच.

कागदावर माझं बरं चालतं. भिंतीवर मोठ्या चौकटींचं कॅलेंडर, पिशवीत ए५ आकाराची वही आणि रोज सकाळी एका चिठ्ठीवर त्या दिवसाची पाच-सहा कामं. काम झालं की त्यावर रेघ. (कधीकधी आधीच झालेलं काम यादीत लिहून मग खोडतो. हसू नका.) चिठ्ठीवर जागाच कमी, त्यामुळे काय लिहायचं नाही हे आपसूक ठरतं. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताने लिहावं लागतं, आणि तिसऱ्यांदा लिहिताना आपलीच आपल्याला लाज वाटते. मग एक तर ते उरकतो, नाहीतर कायमची काट मारतो.

अडचण अशी की गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांची वेळ हुकली. कॅलेंडरवर ठळक लिहिलेली होती, पण कॅलेंडर घरी, मी ऑफिसात, आणि कागद काही वाजत नाही. पुढच्याच आठवड्यात एक मीटिंग मंगळवारची सोमवारी आली. बदल फोनवर कळवला होता, वहीत मात्र मंगळवारच राहिला. बायको म्हणते, "वही तुझ्या पिशवीत, मग तू कधी कुठे आहेस हे मला कसं कळायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मग दोन्हीकडे लिहून पाहिलं. ते तर सगळ्यात वाईट. काही इथे, काही तिथे, आणि शेवटी दोन्हींवरचा भरवसा गेला.

तर कागदवाल्यांनो, आठवणीची घंटा कागदाला कशी जोडता? बदललेल्या वेळा नेमक्या कधी उतरवून घेता? आणि विम्याचा हप्ता, पासपोर्टची मुदत अशा लांबच्या तारखा पुढच्या वर्षात कशा नेता?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, पण घासून पुसता येणारी शाई वापरत असाल तर वही उन्हातल्या गाडीत विसरू नका. ती शाई घासण्याच्या उष्णतेनेच दिसेनाशी होते, आणि साधारण ६० अंशांच्या आसपास अख्खं पानच कोरं होतं. माझा एक पूर्ण महिना असा गेला. वही रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तेव्हा अक्षरं फिकट का होईना, परत आली.

प्रतिसाद २

दोन साधनं असण्याचा त्रास नाही हो, एकच गोष्ट दोन ठिकाणी असण्याचा आहे. सरळ वाटणी करा. ज्याला घड्याळातली वेळ आहे ते फक्त फोनच्या कॅलेंडरमध्ये, दोन घंटा लावून: एक आदल्या संध्याकाळी, एक निघायच्या आधी. बाकी सगळं कागदावर.

सकाळी चिठ्ठी लिहिताना आजच्या वेळा फोनमधून बघून वरच्या कोपऱ्यात उतरवायच्या. चिठ्ठी ही नक्कल, संध्याकाळी फेकून द्यायची. त्यामुळे मीटिंग सरकली तरी वहीत दुरुस्त करण्यासारखं काही उरतच नाही. फोनचं कॅलेंडर बायकोलाही दिसेल असं ठेवा, तोही प्रश्न मिटेल.

लांबच्या तारखांसाठी टिकलर फाइल नावाची जुनी कागदी पद्धत आहे. दिवसांचे ३१ आणि महिन्यांचे १२ असे ४३ कप्पे. मला दिवसांचं झेपलं नाही, महिन्यांचे १२ लिफाफे मात्र चांगले चाललेत. पासपोर्टची चिठ्ठी मुदतीच्या महिन्यात टाकू नका, बरीच आधीच्या लिफाफ्यात टाका. आणि एक तारखेला लिफाफा उघडायची आठवण फोनलाच करू द्या.

राहिलेलं काम पुन्हा लिहायची तुमची सवय मोडू नका. रायडर कॅरल यांनी २०१३ मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या बुलेट जर्नल या वहीत कामं नोंदवायच्या पद्धतीचा गाभा तोच आहे.

प्रतिसाद ३

हाताने लिहिलं की जास्त लक्षात राहतं, असं आता कोणीतरी म्हणेलच. २०१४ चा तो गाजलेला अभ्यास व्याख्यानाची टिपणं हाताने घ्यावीत की लॅपटॉपवर, याबद्दल होता, आणि २०१९ मध्ये इतरांनी तसाच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. चिठ्ठी चालते कारण ती डोळ्यांसमोर पडून असते. एवढं कारण पुरे आहे की.

धागाकर्ता

वाटणी पटली. आठवडाभर करून पाहिली, एकही वेळ हुकली नाही. भिंतीवर आता फक्त दिवसभराच्या गोष्टी: सुट्ट्या, पाहुणे, मुदती. बायकोही त्यावर लिहायला तयार आहे, अट एकच, निळं पेन तिचं. मला हिरवं उरलंय, आणि ते लांबून दिसत नाही. गडद उठेल पण पुढच्या महिन्याच्या पानावर उमटणार नाही, असं कुठल्या प्रकारचं पेन वापरता?