मुलांच्या ताब्याचा वाद: आधी मध्यस्थी, मग साक्षी-पुरावे?

पाऊलवाट:
विभक्त होणाऱ्या आईवडिलांमध्ये मुलाच्या ताब्यावरून वाद उभा राहिला, तर साक्षी-पुरावे सुरू होण्याआधी तो मध्यस्थाकडे गेलाच पाहिजे, असे माझे मत आहे. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ याच्या कलम ९ने तडजोडीसाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकलेलीच आहे, आणि २०१० च्या अफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताब्याचे वाद मध्यस्थीसारख्या मार्गांनी सुटण्याजोगे मानले आहेत. न्यायाधीश ‘दर शनिवारी अकरा ते पाच’ असे लिहून देऊ शकतात. पण पाडवा कोणाकडे आणि भाऊबीज कोणाकडे, पालकसभेला कोणी जायचे, मे महिन्यात आजोळी गेलेल्या मुलीने वडिलांशी व्हिडिओ कॉलवर केव्हा बोलायचे, हे दोघांनी बसून ठरवले तरच टिकते. शिवाय प्रतिज्ञापत्रात एकमेकांविषयी जे लिहिले जाते ते मागे घेता येत नाही, आणि पुढची कित्येक वर्षे त्याच माणसाच्या हाती मूल सोपवायचे असते.

दुसरी बाजू:
‘गेलाच पाहिजे’ यातल्या ‘च’ला माझा विरोध आहे. मध्यस्थासमोर दोन समान माणसे बसली आहेत, हे आपण गृहीत धरता. जिला स्वतःचे उत्पन्न नाही आणि माहेरचा आधारही नाही, तिच्यासमोर ‘मूल ठेव, पोटगी सोड’ असा सौदा आला तर ती सही करते, आणि कागदावर त्याची नोंद परस्परसंमती म्हणून होते. जिथे मारहाण झालेली आहे, तिथे तर एका खोलीत समोरासमोर बसवणे हाच दबाव असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे, भेटीने मुलाला अपाय होईल असे दिसल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतो. मध्यस्थाला असा अधिकारच नाही.

पाऊलवाट:
हिंसेची प्रकरणे आधीच चाळून वेगळी काढावीत, हे मला मान्य आहे. मध्यस्थीतले बोलणे एरवी गोपनीय राहते, पण २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानेही कौटुंबिक हिंसा व बालकांवरील अत्याचारांविषयीच्या माहितीला गोपनीयतेचे कवच दिलेले नाही. परंतु त्या प्रकरणांकडे बोट दाखवून बाकीच्या सर्वांना तारखांच्या फेऱ्यांत ढकलणे मला पटत नाही.

खिडकीतून:
दोघेही आईवडिलांविषयीच बोलत आहात. पालक व पाल्य कायदा, १८९० याच्या कलम १७ मध्ये केंद्रस्थानी आहे ते अल्पवयीन मुलाचे हित. आणि मूल या कराराचे पक्षकार नसते. म्हणून तडजोडीच्या अटी दोघांनी मान्य केल्या तरी त्या मुलाच्या हिताच्या आहेत का, हे न्यायालयाने स्वतंत्रपणे तपासायलाच हवे. नुसते ‘उभयपक्षी मान्य’ लिहून प्रकरण निकाली काढणे हा आळस झाला. ताब्याचा आदेश परिस्थितीनुसार बदलता येतो, ही मोठी सोय आहे. चार वर्षांच्या मुलासाठी ठरवलेली व्यवस्था अकराव्या वर्षी त्याला नकोशी होऊ शकते, तेव्हा तिचा फेरविचार केव्हा करायचा, याचे कलम करारातच असावे.

दुसरी बाजू:
मुलाचे मन कोणी ओळखायचे, हा खरा पेच आहे. पेरी कन्साग्रा प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीदरम्यान समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल गोपनीयतेच्या नियमाला अपवाद मानला, कारण मुलाचे हित ठरवताना न्यायालयाला ती माहिती हवी असते. निर्णय योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की मध्यस्थीत आईवडिलांचे बोलणे बंद दाराआड राहील, मुलाचे मात्र न्यायालयात जाऊ शकेल. बोलायला बसवण्यापूर्वी त्या मुलाला हे सांगण्याची जबाबदारी आपण कोणावर टाकणार?

पाऊलवाट:
समुपदेशकावर, आणि तेही आईवडील खोलीबाहेर असताना. माझ्या पहिल्या वाक्यातला ‘च’ मी मागे घेतो.