पाण्यावरचं ल्युअर चालवताना मनगट धरतंय, काय चुकतंय?

दारणाकाठचा: राम राम मंडळी. सातपूरला कंपनीत सीएनसीवर आहे, रविवारी पहाटे दारणेच्या बॅकवॉटरला मरळीसाठी जातो. नवीन साडेचार इंची पेन्सिल ल्युअर (नकली आमिष) घेतलंय, ते डावी-उजवीकडे झोकांड्या खात येतं ते. माझ्याकडे दहा फेकींत दोनदा झोकांड्या खातं, बाकी वेळा सरळसोट ओढलं जातं. तासाभरात उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूने ठणकायला लागतं, सोमवारी मशीनवर जॉब उचलताना कळ जाते. रॉड साडेसात फुटी, दोरा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉन. घरी ऐकावं लागतं, मासा एक नाही आणि मलम रोज.

आसारीवाला: दादा, मी येवल्याचा. संक्रांतीला पतंग उडवलाय ना? ठुमकी मारली की लगेच ढील देतो, तसंच हे. तुम्ही ठुमकी मारताय पण ढील देत नाही. दोरा ताठ राहिला की ल्युअर वळणार कसं? ते तुमच्याकडेच येणार, आणि तो सगळा भार मनगटावर. टोक वीतभर झटकायचं आणि तिथल्या तिथे परत पुढे सोडायचं. झटक्यात दोर्‍याचा फक्त सैलपणा उडाला पाहिजे, ल्युअरचं वजन हाताला लागता कामा नये. उरलेला सैल दोरा रीलने थोडा थोडा गोळा करा.

दुसरं म्हणजे तुमचा मोनो. तो ताणला जातो, अर्धा झटका वाटेतच खातो, म्हणून तुम्ही जोर लावता. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा लावा, तो ताणत नाही आणि तरंगतोही. पुढे ल्युअरपाशी हातभर जाड मोनोचा तुकडा, लीडर म्हणतात तो. फ्लोरोकार्बनचा दोरा नको, तो बुडतो आणि ल्युअरचं नाक खाली ओढतो. गाठ आवळून बसणारी नको, न आवळणार्‍या फासाची घाला, ल्युअरला मान हलवायला जागा मिळते.

आणि तो साडेसात फुटी बांबू! टोक खाली धरायचं म्हणजे मनगट सारखं करंगळीकडे मुडपलेलं. साडेसहा फुटी घ्या. तोवर टोक बाजूला तिरकं धरा, कोपर अंगाशी, मूठ सैल. अंडं धरल्यासारखी.

पाणवेली: मरळच हवी तर पेन्सिलचा हट्ट कशाला? गवतात बेडूक ल्युअर टाका, थांबत थांबत नुसतं रील फिरवा. मनगटाला कामच नाही.

फिजिओ_नाशिकरोड: अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वळवा. अंगठ्याच्या बुडाशी जोराची कळ आली तर तिथल्या स्नायूबंधांना सूज असू शकते. मग तंत्र नंतर, आधी काही आठवडे रॉड भिंतीला. आणि डॉक्टरांना दाखवा, मलमावर काढू नका.

दारणाकाठचा: कळ आली होती, डॉक्टरांनी पट्टा दिला. दोन महिन्यांनी काल गेलो. ब्रेड, ढील, सगळं केलं. ल्युअर असं डुलत आलं की मीच बघत बसलो. मरळ उसळली, मी घाईने खेचलं, सुटली. मनगट ठणठणीत आहे. साडेसात फुटी विकायचाय, कोणाला हवा?

आसारीवाला: उसळी दिसली की लगेच झटका नाही मारायचा हो. दोर्‍याला वजन लागू द्या, मग मारा. रॉड कितीला देताय?