१७९४ ची गुलामगिरीबंदी: जाहीरनाम्याचे फलित की बंडाने भाग पाडलेला निर्णय?

सह्याद्रीवासी यांचा प्रश्न

नमस्कार. गेले काही महिने फ्रेंच राज्यक्रांतीविषयी सलग वाचन चालू आहे. शाळेत आपण बॅस्टिलचा पाडाव, सोळाव्या लुईचा शिरच्छेद, रोबस्पिअरचा काळ आणि मग नेपोलियन अशा क्रमाने ही क्रांती शिकतो. त्या क्रमात फ्रान्सच्या वसाहतींना जवळपास जागाच नसते. वाचताना मात्र एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. 'माणसे जन्मतः स्वतंत्र असतात आणि हक्कांच्या बाबतीत समान असतात' असा जाहीरनामा फ्रान्सने २६ ऑगस्ट १७८९ रोजी मंजूर केला. वसाहतींतील गुलामगिरी मात्र ४ फेब्रुवारी १७९४ रोजी, म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षांनी रद्द झाली. पुढे १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा प्रस्थापित केली आणि फ्रेंच वसाहतींतून ती कायमची हद्दपार व्हायला १८४८ साल उजाडावे लागले.

सर्वसाधारण पुस्तकांत 'फ्रेंच राज्यक्रांतीच्या विचारांनी प्रेरित होऊन हैतीत बंड झाले' एवढे एकच वाक्य आढळते. मला हे वाक्य उलटे वाटू लागले आहे. १७९४ चा निर्णय ही जाहीरनाम्यातील तत्त्वाची उशिरा का होईना झालेली परिणती मानावी, की १७९१ पासून सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीमध्ये, पेटलेल्या उठावाने पॅरिसला तो घ्यायला लावला असे म्हणावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदाकाठ यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. घटनांच्या तारखा ओळीने मांडल्या की उत्तराची दिशा बरीचशी स्पष्ट होते. मात्र त्याआधी ही वसाहत फ्रान्सच्या लेखी काय होती, हे ध्यानात घ्यायला हवे.

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा सुमारे एक तृतीयांश भाग, एवढाच सँ-दोमँगचा विस्तार होता. तरीही १७८९ च्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी जवळपास ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एका वसाहतीतून जात असे. बोर्दो आणि नाँत या बंदरांतील व्यापाऱ्यांच्या हवेल्या याच पैशावर उभ्या राहिल्या. वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम, ३० ते ४० हजार गोरे आणि त्याहून थोडे कमी मुक्त कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय लोक राहत होते.

साखरेचे काम कसे चाले, हे आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातील वाचकाला चटकन उमगेल. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटते आणि रस आंबतो. कॅरिबियन उष्म्यात तर तो एक-दोन दिवसांच्या आत गाळावाच लागे. म्हणून गाळपाच्या महिन्यांत चरक आणि काहिली रात्रंदिवस थांबत नसत. खेचरांनी किंवा पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चरकाच्या तीन उभ्या लाटांमध्ये कांडी सरकवण्याचे काम बहुतेक वेळा स्त्रियांकडे असे. रात्रपाळीत डुलकी लागली की बोटे उसाबरोबर आत ओढली जात. अशा वेळी हात तोडून जीव वाचवता यावा म्हणून चरकाशेजारी धारदार हत्यार ठेवण्याची पद्धत होती. नव्याने आणलेल्या गुलामांपैकी कितीतरी जण पहिल्या काही वर्षांतच मरत. जन्मांपेक्षा मृत्यू अधिक असल्यामुळे १७८० च्या दशकाच्या अखेरीस दरवर्षी सुमारे ३० हजार नवे लोक आफ्रिकेतून आणले जात होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. १७९१ मध्ये उठाव करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक आफ्रिकेत जन्मलेले होते, आणि काँगोच्या राज्यातील यादवी युद्धांत लढून कैद झालेले सैनिकही त्यांच्यात होते. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे त्यांना पॅरिसने शिकवावे लागले, असे मानणे मला मुळातच चुकीचे वाटते. त्यांच्यातील अनेकांनी ते प्रत्यक्ष भोगलेले होते. पॅरिसमधील घडामोडींमुळे मालकवर्गात फूट पडली आणि उठावाला संधी मिळाली, इतके श्रेय मात्र फ्रेंच राज्यक्रांतीला निःसंशय द्यावे लागेल.

आता तारखांकडे वळू. मार्च १७९० मध्ये राष्ट्रीय सभेने मळेवाल्यांना व त्यांच्या मालमत्तेला राष्ट्राचे संरक्षण दिले. त्या मालमत्तेत गुलाम येत होते, हे सभागृहात प्रत्येकाला ठाऊक होते. मुक्त मिश्रवर्णीयांना राजकीय हक्क मिळावेत म्हणून शस्त्र उचलणाऱ्या व्हँसाँ ओझे यांना फेब्रुवारी १७९१ मध्ये चाकाला बांधून, हाडे मोडून ठार मारण्यात आले. त्यांची मागणीसुद्धा गुलामगिरी रद्द करा अशी नव्हती. मे १७९१ चा ठराव तर फक्त मुक्त आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मिश्रवर्णीयांपुरता होता, आणि तोदेखील सप्टेंबरात मागे घेतला गेला. दरम्यान २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडील मैदानी भागातील मळे पेटले होते. म्हणजे उठाव सुरू झाला तोपर्यंत पॅरिसने गुलामगिरीला हातही लावलेला नव्हता.

मुक्त कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क देणारा ४ एप्रिल १७९२ चा कायदा झाला, तोही बंडखोरांविरुद्ध हा वर्ग आपल्या बाजूला यावा या हिशेबाने. १७९३ च्या आरंभी फ्रान्सचे इंग्लंड व स्पेनशी युद्ध जुंपले. जूनमध्ये कॅप-फ्रान्से शहरात गव्हर्नर गाल्बो यांनीच खलाशांना हाताशी धरून प्रजासत्ताकाचे आयुक्त साँतोना आणि पोल्व्हरेल यांच्यावर चाल केली. पराभव समोर दिसू लागला तेव्हा आयुक्तांनी शहराबाहेर तळ ठोकून असलेल्या बंडखोर गुलामांना, 'आमच्या बाजूने लढाल तर स्वतंत्र व्हाल', असे वचन दिले. शहर जळाले, आयुक्त वाचले, आणि २९ ऑगस्ट १७९३ रोजी साँतोना यांनी उत्तर प्रांतातील सर्व गुलामांना मुक्त घोषित केले. उरलेल्या प्रांतांत पोल्व्हरेल यांनी पुढच्या दोन महिन्यांत तेच केले. सप्टेंबरात तर ब्रिटिश फौज किनाऱ्यावर उतरलीच, आणि तिला बोलावणारे खुद्द गोरे मळेवालेच होते.

फेब्रुवारी १७९४ मध्ये कन्व्हेन्शनसमोर, म्हणजे पॅरिसमधील तत्कालीन विधिमंडळासमोर, सँ-दोमँगचे तीन प्रतिनिधी उभे राहिले. त्यांच्यापैकी जाँ-बातिस्त बेले हे पूर्वी स्वतः गुलाम होते. त्यांचे सहकारी द्युफे यांनी लांबलचक भाषण करून सभागृहाला पटवले की काळ्या नागरिकांना स्वातंत्र्य दिले तरच ही वसाहत इंग्लंडच्या घशात जाण्यापासून वाचेल. टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झालेला तो ठराव म्हणजे पाच महिन्यांपूर्वी समुद्रापलीकडे घडून गेलेल्या गोष्टीला दिलेली मान्यता होती. अर्थात ती मान्यता सर्व फ्रेंच वसाहतींना लागू करण्यात आली, आणि ही गोष्ट साँतोना यांच्या अधिकारात मुळीच नव्हती, हेही नोंदवायला हवे.

मॉरिशसवासी यांचे उत्तर

गोदाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला मी राहतो त्या बेटाचा दाखला जोडतो, कारण तो या प्रश्नावर थेट प्रकाश टाकतो.

त्या काळी मॉरिशसचे नाव 'इल द फ्रान्स' होते आणि ते फ्रान्सच्याच ताब्यात होते. १७९४ चा ठराव कागदोपत्री येथेही लागू होता. परंतु येथील गोऱ्यांच्या वसाहतसभेने तो अमलात आणण्यास सरळ नकार दिला. तो बजावण्यासाठी पॅरिसहून बाको आणि ब्युर्नेल हे दोन प्रतिनिधी सैन्यासह जून १७९६ मध्ये पोर्ट लुईसला उतरले, तेव्हा काही दिवसांतच त्यांना जबरदस्तीने जहाजावर चढवून परत पाठवण्यात आले. शेजारच्या रेयुनियोंमध्येही गुलामगिरी जशीच्या तशी चालू राहिली. तेच प्रजासत्ताक, तोच ठराव. पण उठाव झालेल्या बेटावर गुलामगिरी नाहीशी झाली आणि तो न झालेल्या बेटावर तिच्या केसालाही धक्का लागला नाही. ग्वाडेलूप या कॅरिबियन फ्रेंच बेटावर ठराव लागू झाला, तोही १७९४ मध्ये व्हिक्तोर ह्यूग यांनी सैन्य घेऊन जाऊन ब्रिटिशांना हुसकावले आणि त्या लढाईत मुक्त केलेल्या गुलामांना आपल्या बाजूने उभे केले म्हणून.

मॉरिशस १८१० मध्ये ब्रिटिशांनी जिंकले आणि येथील गुलामगिरी १८३५ साली कायद्याने संपली. त्यानंतर उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी हिंदुस्थानातून जे करारबद्ध मजूर आणले गेले, त्यांत कोकणातून व आसपासच्या भागांतून मुंबई बंदरामार्गे आलेले मराठीभाषकही होते. येथील मराठी समाज त्यांचाच वंशज आहे. त्यामुळे १७९६ मध्ये पोर्ट लुईसच्या धक्क्यावर जे घडले, त्याकडे मला परक्या देशाचा इतिहास म्हणून पाहता येत नाही.

सह्याद्रीवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वसाहतसभेने पॅरिसच्या प्रतिनिधींना परत पाठवल्याची घटना मला अजिबात ठाऊक नव्हती. एक पुढची शंका विचारतो. उठावाचे नेते सुरुवातीपासून सर्वांच्या मुक्तीसाठी लढत होते का? उठावातून पुढे आलेले सर्वांत प्रसिद्ध नेते तुसाँ लुव्हेर्त्यूर यांनी पुढे मळ्यांवर सक्तीचे श्रम लादले, असेही वाचनात आले आहे. तसे असेल तर 'बंडाने गुलामगिरी संपवली' या विधानाला मुरड घालावी लागेल, असे वाटते.

माळरान यांचे उत्तर

मुरड घालावी लागेल, पण ती नेत्यांच्या बाबतीत. सामान्य बंडखोरांच्या बाबतीत नव्हे.

१७९१ च्या अखेरीस जाँ-फ्रान्स्वा आणि बियासू या पुढाऱ्यांनी मळेवाल्यांशी बोलणी केली. काही शे म्होरक्यांना मुक्त करा, बाकीच्यांना आम्ही मळ्यांवर परत पाठवतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. सँ-दोमँगच्या वसाहतसभेने तो उर्मटपणे फेटाळला, आणि तडजोडीची वाट मालकांनीच बंद केली. तुसाँ त्या बोलण्यांत सहभागी होते. पण २९ ऑगस्ट १७९३ रोजी, साँतोना यांची घोषणा झाली त्याच दिवशी, स्पॅनिश बाजूने लढत असलेल्या तुसाँ यांनीही सँ-दोमँगमध्ये स्वातंत्र्य आणि समता नांदावी, ही आपली इच्छा असल्याचे जाहीर पत्रक काढले. १७९४ मध्ये ते फ्रान्सच्या बाजूला आले.

सक्तीच्या श्रमाविषयी आपण वाचले ते खरे आहे. ऑक्टोबर १८०० च्या तुसाँ यांच्या फर्मानाने मळेकऱ्यांना, म्हणजे मळ्यांवर राबणाऱ्यांना, सैनिकी शिस्त लावण्यात आली, आणि परवानगीशिवाय मळा सोडणे हा गुन्हा ठरला. त्यांना उत्पन्नातील चौथा हिस्सा मिळे, मालकाला त्यांची विक्री करता येत नसे, आणि १८०१ च्या राज्यघटनेत गुलामगिरी कायमची रद्द असल्याचे कलम होते. तेव्हा याला गुलामगिरी म्हणता येणार नाही. तरीही लोकांना हवी होती ती स्वतःची जमीन. १८०१ च्या शरद ऋतूत उत्तरेत मळेकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तुसाँ यांनी आपला मानलेला पुतण्या मोईझ यालाच त्यात गोवून गोळ्या घातल्या. साखर निर्यात करून शस्त्रे घेतली नाहीत तर फ्रान्स परत येईल, हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण ज्यांच्या बळावर ते उभे होते त्यांनाच त्यांनी दुरावले, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रान्स खरोखरच परत आला. १८०२ च्या आरंभी नेपोलियनचा मेहुणा लक्लेर प्रचंड आरमारासह उतरला. जूनमध्ये तुसाँ यांना वाटाघाटीच्या बहाण्याने पकडून फ्रान्सला नेले, आणि ७ एप्रिल १८०३ रोजी ज्युरा पर्वतातील फोर द झूच्या थंडगार कोठडीत त्यांचा अंत झाला. तुसाँ यांच्याच अनेक सेनापतींनी या काळात लक्लेरची चाकरी पत्करली होती. डोंगरांतील साध्या मळेकऱ्यांच्या टोळ्यांनी मात्र शस्त्र खाली ठेवले नाही. ग्वाडेलूपमध्ये गुलामगिरी पुन्हा सुरू झाल्याची बातमी पोहोचली, तेव्हा ऑक्टोबरात पेत्यों आणि देसालिन हे सेनापती उलटले. पिवळ्या तापाने फ्रेंच फौज पोखरली गेली, खुद्द लक्लेर त्यातच गेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हर्तिएरच्या लढाईत फ्रेंच हरले आणि १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे देसालिन यांनी स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांच्या आज्ञेने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली, ही गोष्टही त्याच इतिहासात लिहिलेली आहे आणि ती वगळणे बरोबर होणार नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे नुकसानभरपाईची. ब्रिटनने गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा करताना मालकांना २ कोटी पौंड दिले. फ्रान्सनेही १८४८ च्या मुक्तीनंतर पुढच्याच वर्षी मालकांसाठी भरपाईचा कायदा केला. १७९४ च्या ठरावात मात्र मालकांना छदामही नव्हता. बंडखोरांनी आधीच मळे ताब्यात घेतलेले, मळेवाले शत्रूला जाऊन मिळालेले, अशा स्थितीत भरपाई मागायला तोंड कोणाला होते?

ती भरपाई फ्रान्सने नंतर वसूल केली. १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून, स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात, १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली गेली, त्यामुळे एकूण आकडा ९ कोटी झाला. पहिल्याच हप्त्यासाठी हैतीला पॅरिसच्या सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज घ्यावे लागले, आणि त्यातले दलालीपोटी ६० लाख कापून २ कोटी ४० लाखच हाती पडले. या भरपाईपायी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड १९४७ मध्ये झाली.