मदत हवी आहे: मांडीतली कळ, फुगलेलं पोट आणि नॉर्मल सीटी

नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचं आहे. वय 76, अंगाने किरकोळ, गेल्या दोन वर्षांत आणखीच वाळली. बद्धकोष्ठता जुनीच.

सात-आठ महिन्यांपासून तिच्या डाव्या मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते. गुडघ्याचा एक्स-रे झाला, मणक्याचा एमआरआय झाला. वयाप्रमाणे झीज आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, फरक शून्य. कळ आली की आई कुशीवर वळून गुडघा पोटाशी घेते, आणि थोड्या वेळात कपाळावरच्या आठ्या जातात. पाय सरळ करून मागे नेला की पुन्हा कळवळते. दर वेळी त्याच दिवशी पोट फुगलेलं असतं, गॅस सरत नाही. दोनदा उलट्याही झाल्या. पोट साफ झालं की मांडीही थांबते. नुसता गुडघा असता तर पोटाबरोबर कसा कमी-जास्त झाला असता?

नव्या सर्जननी हे सगळं ऐकून घेतलं आणि ऑब्ट्युरेटर हर्नियाचा संशय व्यक्त केला. कमरेच्या हाडात खाली एक भोक असतं, त्यातून नस मांडीत उतरते. तिथे आतडं शिरलं की नस दाबली जाते. स्नायूंच्या खाली, खोलवर असल्यामुळे बाहेर गाठ हाताला लागत नाही. बारीक, वयस्कर बायकांमध्ये जास्त आढळतो. पण एरवी त्यात लहान आतडं सापडतं आणि बाजूही बहुतेक वेळा उजवी. डावीकडे सिग्मॉइडमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागामुळे, ते भोक झाकलं जातं म्हणतात. मग आईचं मोठं आतडंच, म्हणजे सिग्मॉइडच, आत-बाहेर करतंय का?

सीटीचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण त्या दिवशी आईला काहीही दुखत नव्हतं! आतडं आपोआप मागे सरकलं असेल तर दिसणार काय?

कुणाच्या घरी असं झालं असेल किंवा इथे कुणी रेडिओलॉजिस्ट, सर्जन असतील तर सांगा: कळ चालू असतानाच पुन्हा सीटी मागावा का? जोर लावायला सांगून काढलेल्या एमआरआयचा उपयोग होतो का? की सरळ दुर्बिणीने पोटात पाहणं बरं? वजन घटलंय म्हणून कोलोनोस्कोपीही (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणं) सुचवली आहे. आतडं भोकात असताना ती करणं मला धोक्याचं वाटतं. सर्जनना विचारणारच आहे.

भर: स्कॅन किती खालपर्यंत घेतला, असं एकांनी विचारलं. फार कामाचा प्रश्न. फिल्म्स घेऊन उद्या रेडिओलॉजिस्टकडे जाते आणि मांडीच्या वरच्या भागापर्यंतचे काप डाव्या-उजव्या बाजू ताडून पुन्हा पाहायला सांगते. तोवर पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर थेट इमर्जन्सीत न्यायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.